पानं वाळतील

कुंभारी गावात आमच्या दोन खोल्या, एकीमागं एक. पुढच्या खोलीला दार, मागच्या खोलीत चूल, आणि सबंध घराला खिडकी एकच, पुढच्या खोलीत. तिच्याखाली भिंतीला पाठ टेकून सासूबाई विड्या वळायच्या. तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली असायची. वारा लागला की ती कडक होतात, वळताना फुटतात. म्हणून खिडकी बारा महिने बंद.

बाहेर सोलापूरच्या उन्हानं ओठ फुटायचे आणि आमच्या घरात मीठ पाघळायचं. मागून भाताची वाफ यायची, पुढं पानांची ओल तिला भेटायची, आणि दोघींना बाहेर पडायला वाटच नव्हती. खिडकी उघडायची मी, लावायच्या त्या. आठ वर्षं हेच. "पानं वाळतील की गं," एवढंच म्हणायच्या. माणसापेक्षा पान मोठं का, असं मी तोंडावर विचारलंय त्यांना. पुढं त्यांना दम लागायला लागला, तरी खिडकी लावायला उठायच्या.

त्या गेल्यावर मी गोणपाट फेकलं, तंबाखूचं सूप देऊन टाकलं. आता खिडकी माझी होती, पण तिला हात लावायची मला भीती वाटायची. घरात एक पान नव्हतं, तरी ओल्या पानांचा वास यायचा. त्या पाठ टेकायच्या तिथं भिंतीवर ओल उमटली, बसलेल्या बाईएवढी. दोनदा चुना मारला, दोनदा वर आली. मग मी तिथलं झाडायचंच सोडलं.

त्या पावसाळ्यात माझ्या मुलीचा खोकला हटेना. छातीत सूं सूं वाजायचं. घरात ओल आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि मी चक्क नाही म्हणाले. घरी आल्यावर माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. त्यानं कपाट ओढलं, तर मागं काळी बुरशी. मी भिंतीवरच्या त्या ओलीकडं बघतेय हे त्याच्या लक्षात आलं असावं. "हितं कोण न्हाय, बाई," तो म्हणाला. "हवा खेळंना, म्हणून भिंत घामेजती. दारातनं आलेल्या हवेला जायला वाट द्या की."

ओलीनं फुगलेली खिडकी त्यानं हातोडीनं ठोकून उघडली. महिन्याभरात भिंत वाळली, मुलीचा खोकला गेला, वासही गेला. मला बरं वाटायला हवं होतं. मी भिंतीला नाक लावून बघायची, तर नुसता चुना.

परवा शाळेतून आलेल्या मुलीनं मला खिडकी लावताना पाहिलं.

"आई, कशाला लावतीस?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पानं वाळतील की गं."