चॅनल सकाळचा, पट्ट्या संध्याकाळच्या

मंडळी, आज एका दोस्तावरून मन उतरलं.

आंधळगावचा हा माझा शाळासोबती. शेअरच्या चार्टवर दोन समांतर रेषा आखायच्या, त्याला चॅनल म्हणतात; त्या चॅनलमध्ये भाव कसा चालतो, हे त्यानंच शिकवलं. "भाव फसवते बे, खालच्या व्हॉल्यूमच्या पट्ट्या पाहत जा, कोणत्या वेळी किती शेअर विकल्या गेले ते तिथं दिसते," म्हणायचा. त्याच्या भरवशावर मी दुकान बंद करून शेअर बाजारातच उतरायला निघालो होतो.

आज बाजार संपल्यावर त्यानं आमच्या शेअरवाल्या ग्रुपवर सकाळचा म्हणून एक चार्ट टाकला. म्हणे हा सकाळीच आखलेला चॅनल, दिवसभर भाव तसाच गेला. सगळ्यांनी वाहवा केली.

मी नीट पाहिलं. सकाळनंतरचा भाव त्यानं पांढऱ्या चौकोनानं झाकला होता, पण खालच्या पट्ट्या थेट साडेतीनपर्यंत, बाजार बंद होईपर्यंतच्या दिसत होत्या. म्हणजे चार्ट संध्याकाळचा, आणि रेषा भाव पाहून मागाहून ओढलेल्या.

फोन केला तर हसला. "तू कायले एवढं खाली पाहून राहिला?"

तुम्हीच सांगा, खाली पाहायला मला कोणी शिकवलं होतं?