ताईच्या सशाचे कान

लहानपणी आलेल्या तापात ताईचे कान गेले. तोवर ती बोलायला शिकली होती, त्यामुळे बोलणं टिकलं. आमचं बोलणं मात्र ती ओठांवरून ओळखायची. आई-बाबा नोकरीला, मी कॉलेजात. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती दिवसभर एकटी असे. बेल वाजली तरी तिला कळत नसे. आलेलं माणूस ताटकळून परत जाई.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक मुस्लिम बाई राहायच्या; सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. त्यांच्या सशिणीला पिल्लं झाली, तेव्हा एक करडं पिल्लू त्यांनी ताईला दिलं. आई म्हणाली, "सोबत म्हणून आणलाय, की शांततेत भर म्हणून?"

ससा खरोखरच आवाज करत नसे. पण जिन्यात पाऊल वाजलं की त्याचा एक कान दाराकडे वळायचा, दुसरा होता तिथेच राहायचा. ताईच्या हे लक्षात आलं. भाजी निवडतानाही ती त्याला समोर बसवायला लागली. एका दुपारी मी जिना चढून आले आणि बेलकडे हात नेला, तोच तिने दार उघडलं. दारात उभी राहून हसत होती. त्या दिवसापासून आमच्याकडे आलेलं कुणी ताटकळून परत गेलं नाही. गॅलरीत मांजर आलं की ससा मागचा पाय जमिनीवर आपटायचा. खाली चटईवर झोपलेली ताई त्या हादऱ्याने उठून मांजर हाकलायची.

एकदा तो तिच्या मांडीवर डोळे मिटून पडला होता. तिने माझा हात ओढून त्याच्या गालावर ठेवला. आत दात अगदी हलके एकमेकांवर घासत होते.

"खूश असला की असं करतो," ती म्हणाली. "तुला ऐकू येतंय?"

मी कान जवळ नेला. रस्त्यावरच्या स्कूटरींपुढे मला काहीच ऐकू येईना. मी नकारार्थी मान हलवली.

"मला येतंय," ताई म्हणाली.

पुढे तिचं लग्न झालं. नवराही तिच्यासारखाच, नागपूरला छापखान्यात नोकरी. सासरी कुत्रा होता, म्हणून ससा आमच्याकडेच राहिला. ती गेल्यावर जिन्यात पाऊल वाजलं, त्याचा कान वळला, की मी उठून दार उघडायची. दूधवाला असायचा, शेजारचे असायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात ससा गेला. ताईला पत्राने कळवलं. तिच्या उत्तरात त्याचा उल्लेखच नव्हता. आंब्यांबद्दल मात्र दोन पानं होती.

आता मी वारज्याला राहते. ताई नागपुरात सुखात आहे. रविवारी आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलतो, बरंचसं हातांच्या खुणांनीच; त्या ती सासरी शिकली, मी तिच्याकडून. नातवंडं, गुडघे, स्वयंपाक, सगळं बोलून होतं. मध्येच चित्र अडकतं, तिचा हात हवेत तसाच थांबतो. मी वाट बघत बसते. एवढ्या वर्षांत बोलायचं काही राहिलेलं नाही, पण ती शेजारी बसलेली हवी असते.