चेतसिंह घाटावर लटकलेले फेटे

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी मला अंधश्रद्धेवर चार शब्द सुनावायला नको. आम्ही पिढ्यानपिढ्या बनारसचे, ब्रह्माघाटावर राहणारे. मणिकर्णिकेचं मसाण जवळच. भुतं असती तर मला रोज भाजी आणताना भेटली असती. तशी ती आजवर भेटलेली नाहीत… आणि पुढे जे सांगतोय त्यात भूत होतं, असंही माझं म्हणणं नाही.

मी रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. व्यसन एकच — महाराष्ट्रातून कोणी पाहुणा आला की त्याला नावेत घालायचं आणि चेतसिंह घाटावरच्या किल्ल्याची गोष्ट ऐकवायची. दिल्लीसारखं भव्य वॉर मेमोरियल नाही हे. पण कंपनी सरकारची अशी फजिती क्वचितच कुठे झाली असेल. अठराव्या शतकात कंपनीच्या गव्हर्नरने इथल्या राजाला, चेतसिंहाला, त्याच्याच महालात अटक केली, पहाऱ्याला शिपाई बसवले, आणि त्यांच्याजवळ काडतुसंच नाहीत. पलीकडून रामनगरचे लोक नावा भरभरून आले, कापाकापी झाली. त्या धांदलीत राजाने पगड्या एकमेकींना बांधून दोर केला आणि खिडकीतून खाली नावेत उतरून पसार झाला. मग गव्हर्नरही चुनारच्या किल्ल्याकडे पळाला — इतक्या घाईत की घोड्यावर हौदा अन् हत्तीवर खोगीर, असं बनारसी लोक अजून चवीने सांगतात. मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या स्मरणार्थ जवळच एक शिळा आहे, तिकडे कुत्रं फिरकत नाही. सगळ्यांना खिडकी बघायची असते. नेमकी कोणती, ते मलाही माहीत नाही. मी सगळ्यात उंचावरची दाखवतो, उगाच कंजुषी कशाला.

सौ. म्हणते, "राजा पळाला खरा, पण तुमच्या गोष्टीतून पाहुण्याला पळता येत नाही."

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या मृण्मयीचं लग्न ठरलं. मुलगी इथेच शाळेत संस्कृत शिकवते. मुलगा नागपूरचा, इंजिनियर, सज्जन, बोलायला बेताचा. पत्रिका छापून वाटूनही झाल्या. मृण्मयीला काहीही विचारलं की उत्तर एकच, "तुम्ही म्हणाल तसं." आजकाल असं कोण म्हणतं हो… मी तर गावभर कौतुक सांगत सुटलो होतो. सौ. मात्र मागे लागलेली, "पोरगी हसत नाही, तिच्याशी एकदा नीट बोला." मी म्हटलं, लग्नाआधी सगळ्याच गंभीर होतात, मीसुद्धा झालो होतो.

लग्नाच्या थोडे दिवस आधी व्याही मंडळी प्री-वेडिंग शूटसाठी इकडे आली. जागा अर्थातच मी सुचवली. व्याह्यांना फेट्यांची भारी हौस. ते रेडिमेड टोप्यांसारखे नव्हेत, लांबलचक कापडाचे, स्वतःच्या हाताने बांधायचे. सगळ्या पुरुषांना पुरतील एवढे फेटे एका बॅगेत भरून आणलेले आणि ती बॅग विहीणबाईंच्या मांडीवर. शिंदे घाट गेला, अहिल्याबाई घाट गेला, पण बाईंनी बॅग नावेत खाली ठेवली नाही. जणू आत पाळण्यातलं बाळ होतं.

घाटावर कोवळं ऊन पडलं होतं. मी पायऱ्यांवर उभा राहून गोष्ट सुरू केली. मृण्मयी आईला खेटून बसली होती. मी पगड्यांपर्यंत आलो तशी व्याह्यांनी जांभई दिली आणि म्हणाले, "व्याहीबुवा, राजा पोचला असेल आता पलीकडे. फेटे बांधायला घेऊ."

विहीणबाईंनी चेन उघडली. बॅग रिकामी. आत फक्त डांबराच्या गोळ्यांचा वास.

"अहो, माझ्या मांडीवरच होती की," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. तेवढ्यात आमचा फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून वर बघत म्हणाला, "अंकलजी, ये आप लोगों ने लगवाया है? प्रॉप बढ़िया है."

मी वर पाहिलं. मी दाखवतो त्याच खिडकीतून केशरी, गुलाबी, हिरवे फेटे गाठी मारमारून जोडलेले, थेट पाण्यापर्यंत लटकत होते. वाऱ्याने हलत होते.

"आपलेच आहेत," व्याही म्हणाले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

चौकीदाराला बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, "बाबूजी, ऊ कमरा में त फरसै ना हौ." म्हणजे त्या खोलीची जमीन केव्हाच कोसळलेली, उभं राहायला जागाच नाही, आणि खाली दाराला कुलूप. कुलूप मी स्वतः जाऊन ओढून पाहिलं. गंजलेलं होतं.

मी परत आलो तेव्हा सगळ्यांची तोंडं एकदम सुटली होती. कोणी माकडं म्हणत होतं, कोणी नजर लागली म्हणत होतं. मृण्मयी तेवढी त्या दोराकडे बघत होती. मग उठली आणि म्हणाली, "बाबा, मला हे लग्न करायचं नाही."

व्याही माझ्याकडे वळले, "समजवा पोरीला. पत्रिका वाटून झाल्यात, काय चाललंय हे?"

मी मृण्मयीकडे वळलो. पोरीची नजर खाली नव्हती. तिला असं उभं राहिलेलं मी किती दिवसांनी बघत होतो, कोण जाणे.

"नाही होणार लग्न," मी म्हटलं.

नवरदेव इतका वेळ पायरीवर बसून होता. तो हळूच म्हणाला, "मलाही कोणी विचारलं नव्हतं." त्यावर व्याह्यांनी त्याच्याकडे जे पाहिलं, त्याचा फोटो मात्र फोटोग्राफरने काढला.

आमच्या नावेच्या मल्लाहाने खालून दोराला जरासा झटका दिला, तर अख्खा दोर अलगद खाली आला. वरचं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं. कोणीतरी हातात धरून ठेवावं आणि काम झाल्यावर सोडून द्यावं, तसा आला. मधल्या गाठी मात्र व्याह्यांनाही सुटल्या नाहीत. शेवटी तो दोर तसाच गुंडाळून मंडळी नागपूरला गेली.

संध्याकाळी मी मृण्मयीला बाजूला घेतलं. "खरं सांग, हे तू कोणाकडून करवून घेतलंस ना? मी रागावणार नाही."

"बाबा, एवढी हिंमत असती तर पत्रिका छापायच्या आधीच नाही म्हटलं नसतं का?"

"मग कोणी केलं?"

"मला नाही माहीत. मी वर बघितलं आणि वाटलं, हा माझ्यासाठी सोडलाय."

माकडं चेन उघडून परत लावत नाहीत, एवढं मलाही कळतं. बाकी सगळे तर्क करून झाले, एकही टिकला नाही. बाप मी होतो, दोर मी टाकायला हवा होता. टाकला दुसऱ्याच कोणीतरी… आणि त्याचे आभार मानायचे तर कोणाचे, हे मला आजतागायत कळलेलं नाही.