डोंगरावरून उतरलेली ऊलसेंग

गुहेत असताना ऊलसेंगला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती धुराची. चूल पेटली की धूर वर जायचा आणि धूर दिसला की सैनिक यायचे. म्हणून रताळी कच्चीच खायची. सासूला ती चावायची नाहीत, तेव्हा ऊलसेंग स्वतः चावून मऊ करून तिच्या हातावर ठेवायची.

देश नवा कोरा होता, झेंड्याची घडीही अजून नीट मोडली नव्हती, आणि जेजू बेटाच्या डोंगरात काही पोरं सरकारविरुद्ध बंदुका घेऊन बसली होती. ती पोरं काही हाताला लागेनात. मग प्रांताच्या कचेरीतल्या हुशार माणसांनी सोपा उपाय काढला: किनारा सोडून वर जो राहील तो बंडखोर. ऊलसेंगचं गाव डोंगराच्या पोटाशी होतं. बाजरी घरात येऊन पडली आणि बाजरीसकट घरं जाळली गेली. पुष्कळजण खाली किनाऱ्यावर गेले. पण खाली गेलेल्या तरण्या पुरुषांचं काय होतं ते ऊलसेंगच्या नवऱ्यानं, सोंगहानं, डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तो, त्याची आई आणि ऊलसेंग वर पळाले.

वर त्या पोरांनी सोंगहाच्या हातात बंदूक देऊन बघितली. हात असे थरथरले की त्यांनीच ती काढून घेतली आणि त्याला एक लांब काठी दिली. टेकडीवर काठी उभी धरून बसायचं, सैनिक दिसले की आडवी करायची. त्याबद्दल रताळी मिळायची.

बर्फ वितळायला लागलं तसं एक विमान आलं आणि कागद टाकून गेलं. सोंगहानं त्यातला एक आईला वाचून दाखवला. पांढरं निशाण घेऊन खाली या, सगळं खरं सांगा, सगळ्यांना माफी. खाली प्रांताचा शिक्का.

"फसवतायत," ऊलसेंग म्हणाली.

"फसवत असतील. पण आई इथे किती दिवस काढेल, ते तूच सांग."

पण पांढरं निशाण आणायचं कुठून? जेजूच्या शेतकऱ्याचे कपडे कच्च्या पर्सिमन फळाच्या रसात रंगवलेले, मातीच्या रंगाचे. गुहेत पांढरं असं एकच होतं: म्हातारीनं अधिकमासात स्वतःच्या हातानं शिवून ठेवलेले मरणाचे कपडे. घर पेटलं तेव्हा तिनं हंडा सोडला होता, पण ते गाठोडं सोडलं नव्हतं.

"हात लावू नकोस!" म्हातारी कडाडली. "तुझ्या सासऱ्याला तोंड दाखवायचंय मला. शेतातल्या कपड्यांवर गेले तर ओळख तरी देईल का तो?"

"आई, बाबांनी जिवंतपणी तरी कधी तुझ्या कपड्यांकडे बघितलं होतं?" सोंगहा म्हणाला.

म्हातारीला हसू आवरेना. तिनं दातानंच शिवण उसवायला घेतली. "बाही घ्या. माझे हात तसेही काही बघण्यासारखे नाहीत."

सकाळी तिघं उतरायला लागली. पुढे बाही बांधलेली फांदी घेऊन सासू. "म्हातारीवर गोळी कोण वाया घालवतंय," असं म्हणून तीच पुढे झाली होती. ऊलसेंग मागे राहून नवऱ्याच्या कानाला लागली.

"अहो, खरं सांगा म्हणाले तरी ते काठीचं बोलायचं नाही. मरून गेलात तरी नाही."

"नाही बोलणार. शपथ."

सासूला मात्र तिनं काही सांगितलं नाही. म्हातारीला कोण विचारणार, असं तिला वाटलं.

किनाऱ्यावरच्या गावाभोवती नवी दगडी भिंत उभी होती आणि वेशीवर बायाच बांबूचे भाले धरून पहारा देत होत्या. त्याही भ्यालेल्या होत्या. त्यांनी तिघांना शाळेच्या अंगणात नेलं. टेबलामागे मुख्य भूमीवरून आलेला अधिकारी होता, आणि त्याच्या शेजारी दुभाषा म्हणून जेजूचाच एक शिपाई. डावीकडे सुटलेल्यांची रांग होती. उजवीकडे हात बांधलेली माणसं.

"वर काय करत होतास?"

"लपलो होतो, साहेब. रताळी खाऊन दिवस काढले."

अधिकाऱ्यानं सोंगहाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हात डावीकडे केला. ऊलसेंगच्या जिवात जीव आला.

इतक्यात म्हातारी पुढे झाली. मुलगा फारच तुटक बोलला, साहेबाला उर्मट वाटेल, या काळजीनं तिनं हात जोडले.

"माझं लेकरू गरीब आहे हो, साहेब! बंदूक बघूनच याच्या पोटात गोळा येतो. त्या पोरांनी याला काम तरी कसलं दिलं? टेकडीवर काठी धरून उभं राहायचं, तुम्ही दिसलात की आडवी करायची. बस्स! दुसरं काही जमतच नाही त्याला."

शिपायानं मान खाली घातली. अधिकाऱ्यानं टेबलावर बोट आपटलं, तेव्हा त्यानं शब्द न् शब्द साहेबाच्या बोलीत सांगितला. अधिकाऱ्याचा हात उजवीकडे वळला.

"आई, जाऊन येतो हं," सोंगहा म्हणाला.

त्याला बोटीनं मुख्य भूमीवरच्या तुरुंगात नेलं. पुढच्या वर्षी मोठं युद्ध पेटलं आणि त्या तुरुंगातल्या माणसांचं काय झालं, ते कुणी कळवलं नाही. विचारायला जायची ऊलसेंगची छाती नव्हती. दाराशी अनोळखी बूट वाजले तरी तिच्या हातातलं भांडं पडायचं.

सासवासुना भिंतीच्या आतच एका खोपटात राहिल्या. एकदा शेतात खुरपताना म्हातारीनं विचारलं, "ऊलसेंग, मी चांगलं समजावून सांगितलं होतं ना गं? मग का नेला त्याला?"

"त्या साहेबाला आपली बोली कुठे कळते, आई?"

"शेजारी तो आपल्यातला होता ना?"

ऊलसेंगनं पुढचं तण उपटून बाजूला टाकलं.

"त्यानं काही सांगितलंच नाही, आई. भ्याला तो."

"मुडदा बशिवला त्याचा! माझं बोलणं नुसतं पोचवलं असतं तरी पोरगा सुटला असता."

त्यानंतर म्हातारी जगली तोवर रोज त्या शिपायाला शिव्या घालायची, आणि ऊलसेंग रोज तिच्या शेजारी बसून "हो ना, आई" म्हणायची.