तारीख मागं ठेवणारा वीरेश

दिंद्रुडच्या बसस्टँडसमोर वीरेशचं इंटरनेटचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक टेलिफोन आणि दोन खुर्च्या. माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याची एक लबाडी होती, ती आधीच सांगून टाकलेली बरी.

कुंडली जुळवायचा एक प्रोग्राम त्याला तीस दिवस वापरून बघायला फुकट मिळाला होता. तीस दिवस सरत आले की हा गडी कॉम्प्युटरची तारीख मागं सरकवायचा. बाहेर २००४ चा जून उजाडला, तरी आत २००२ चा जानेवारीच चालू. गावातली निम्मी लग्नं त्या जानेवारीत जुळली आणि वीरेशच्या घरची चूलही त्यावरच पेटत राहिली.

एका दुपारी हनुमानरावांची प्रियदर्शनी आली. नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, तोही पाच वाजेपर्यंतच. घरात तिच्या लग्नाची घाई चालली होती. फॉर्म चुकला तर शिक्षण संपलंच. बाकीच्या साइट उघडत होत्या, पण कुलपाचं चित्र असलेली फॉर्मची साइट तेवढी उघडेना. वीरेशनं वायर काढून फुंकली, फोन पुन्हा लावला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. साइटचा नन्नाचा पाढा चालूच.

प्रियदर्शनीनं पडद्यावरची इंग्रजी पाटी सावकाश वाचली.

"काका, साइटच्या खरेपणाचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालं न्हाई म्हणतंय. तुमच्या कॉम्प्युटरची तारीख कावून दोन वर्सं मागं हाय?"

वीरेशनं पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडं बघितलं. खरी तारीख एकदा दिसली की कुंडलीचा प्रोग्राम कायमचा मिटणार, मग मागं सरकवूनही उपयोग नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. साडेचार झाले होते. पोरीचा रडवेला चेहरा बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"थांब," म्हणत त्यानं तारीख सरळ केली. पान लगेच उघडलं. पाचला पाच कमी असताना फॉर्म गेला. कुंडलीचा प्रोग्राम मात्र जो मिटला तो मिटलाच.

दुसऱ्या दिवशी हनुमानराव दोन पत्रिका घेऊन आले.

"वीरेशअप्पा, आमच्या पोरीला लई चांगलं स्थळ आलंय. तेवढे गुण जुळवून द्या."

"मशीन बंद पडलंय, हनुमानराव."

"मग कधी नीट व्हनार?"

नर्सिंग किती वर्षांचं असतं, ते वीरेशनं कालच फॉर्मवर वाचलं होतं.

"तीन वर्सं तरी लागतेत," तो म्हणाला.