अकोल्याच्या जावयांच्या दोन सुना

अकोल्याच्या जावयांनी आजवर कोणतीही वस्तू एकटी पाहिलेली नाही. एक समोर आली की ते दुसरी मागवतात, दोन्ही शेजारी शेजारी ठेवतात आणि मान तिरपी करून बघत बसतात. ते माझ्या नणंदेचे यजमान. घरचे सगळे त्यांना अकोल्याचे जवाई म्हणतात, मी भाऊजी म्हणते, तेही दाराआडून. लग्न होऊन मी अमरावतीला आले तेव्हापासून हा माणूस मला धक्के देत आला आहे आणि मला अजून त्याची सवय झालेली नाही. वरूडची संत्री आणायची तर दोन गाड्यांवरून आणतील, एकेक फोड हातावर ठेवतील आणि कोणती गोड ते सांगितल्याशिवाय कोणाला उठू देणार नाहीत. एकदा दाढ दुखली तर दोन डॉक्टरांना दाखवली. दोघांनी वेगवेगळी दाढ सांगितली, तर हे खूश, आणि दाढ तशीच दुखत राहिली. पण मी खरी हादरले ती माझ्या सासऱ्यांच्या तेरवीला. घरात रडारड चाललेली, आणि हे अंगणात आचाऱ्यासमोर उभे राहून वांग्याच्या भाजीचे दोन नमुने करून घेत होते, एक दाण्याचा कूट घालून आणि एक बिनकुटाचा. मी पदराने तोंड झाकलं. नणंद डोळे पुसत म्हणाली, "राहू दे वयनी, त्यायचं दुःख असंच निंगते."

अकोल्यात त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. मागे त्यांना कोणीतरी सांगितलं की आता पत्रिका आपोआप होते, त्याचं सॉफ्टवेअर मिळतं. झालं. त्यांनी लगेच दोन जातींची सॉफ्टवेअरं पाहायला सुरुवात केली. एकात नवरा-नवरीचं नाव, गाव, मुहूर्त एकदाच टाकायचं, की पत्रिका, पाकीट, हळदीचं कार्ड, सगळं ते स्वतःच भरतं. दुसरं एकही पत्रिका करत नाही. त्यात फक्त दुकानाच्या रीती लिहून ठेवायच्या: गणपती केवढा, तांबडा रंग कोणता, नवरीचं नाव किती मोठं, बौद्धांच्या पत्रिकेला निळा कोणता, उर्दूची ओळ कुठून सुरू होते. म्हणजे उद्या दुकानात कोणीही बसलं तरी पत्रिका यांच्याच दुकानची वाटावी. मला काही कळेना, तेव्हा त्यांनी मला समजेल असं सांगितलं. "वयनी, ह्या दोन सुना आहेत समजा. एक मुकाट्यानं सयपाक करते, पण मीठ किती ते दरवेळी सांगा लागते. दुसरी चुलीकडं फिरकत नाई, पण घरातल्या साऱ्या चवी तिले पाठ. आता घरात कोनती आनू?" मी म्हटलं, दोघी आणा. त्यावर ते दोन दिवस विचारात पडले.

अशी सॉफ्टवेअरं पहिले काही दिवस फुकट वापरायला मिळतात म्हणे. ते दिवस संपले की भाऊजी नव्या नावाने पुन्हा सुरू करायचे. आधी स्वतःचं नाव झालं, मग नणंदेचं, आणि मग माझ्या वारलेल्या सासूबाईंचं. सासूबाईंना आता दर आठवड्याला कंपनीकडून विचारणा होते, की आमचं सॉफ्टवेअर कसं वाटलं. हे ऐकून मी देवापुढे दिवा लावला. तुलना करायला ते कोणालाही धरतात. दुकानाशेजारचे चाचा उर्दू पत्रिका तपासून देतात. आपोआप भरणाऱ्या सॉफ्टवेअरने काढलेली निकाहची पत्रिका त्यांनी पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "भाई, इसमें तो खाना पहले हो रहा है, दूल्हा बाद में आ रहा है." भाऊजींनी तेही लिहून घेतलं.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले. आमच्याकडे अशा वेळी पत्रिकेत निमंत्रक म्हणून थोरल्या काकांचं नाव येतं. मुलीच्या आईचं कुठेच येत नाही. असं कोणी ठरवलेलं नाही, पण येत नाही. शिवणाची मशीन चालवून मी तिला मोठी केली होती, आणि मला वाटत होतं, फार वाटत होतं, की एका कोपऱ्यात तरी माझं नाव यावं. पण हे बोलायचं कोणाला? भाऊजींनी फोनवर विचारलं, पत्रिकेत तुम्हाला काही पाहिजे का, तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं, "अक्षर मोठं ठेवजा, मले वाचता आलं पायजे." "कोनाचं अक्षर, वयनी?" त्यांनी विचारलं. मी फोन ठेवून दिला.

काही दिवसांनी सकाळीच घरच्या सगळ्यांच्या फोनवर पत्रिकेचा नमुना आला. भाऊजींनी आपोआप भरणाऱ्या सॉफ्टवेअरला शिकवलं होतं, नवरीच्या वडिलांच्या नावाआधी 'स्व.' लाव. त्याने घरातल्या सगळ्या पुरुषांना लावलं. माझे थोरले दीर भातकुलीला शेती करतात, चांगले धडधाकट आहेत, तेही स्वर्गीय झाले होते. तेवढ्यात यवतमाळच्या कोणा नातेवाइकाने काही न विचारता हात जोडून 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं लिहून टाकलं. त्यांचं पाहून आणखी तिघांनी लिहिलं. दिरांनी ते स्वतःच्या चष्म्याने वाचलं आणि अकोल्याला फोन लावला. "जवाईबुवा, मी मेलो अन् मलेच कोनी सांगतलं नाई." दुसरा कोणी असता तर त्याने पाय धरले असते. भाऊजी म्हणाले, "दादा, दुसऱ्या नमुन्यात तुमी जिवंत आहा. पाठवू का?"

मरणाची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे मानतात. पण त्याच कागदावर ते नाव पुन्हा घालायचं नसतं. दिरांनी सांगून टाकलं की माझं नाव आता पत्रिकेत नको. दुसरे काका नाहीत, आणि जावयाने निमंत्रक व्हायची रीत नाही. निमंत्रकाची जागा रिकामी पडली आणि सॉफ्टवेअर काही पुढे जाईना, तिथेच लाल खूण दाखवत राहिलं. लग्न जवळ आलं होतं, आणि पत्रिका वाटणं तर दूरच, त्या अजून छापायच्याच होत्या.

रविवारी सगळे आमच्याकडे जमले. भाऊजी अकोल्याहून गाडीने आले, चहासुद्धा न घेता त्यांनी बॅगेतून दोन पत्रिका काढल्या आणि बाजेवर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत निमंत्रकाच्या जागी नुसती रेघ होती. दुसरीत माझं नाव होतं. श्रीमती लावून, पूर्ण, आणि नवरीच्या नावाच्या खालोखाल मोठ्या अक्षरात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तिथून मला वाचता आलं. आता काय होईल, दीर काय म्हणतील, जाऊबाई काय म्हणतील. पळून जावंसं वाटलं, आणि डोळे त्या कागदावरून हलेनात. भाऊजी नेहमी म्हणतात तेवढंच म्हणाले. "दोन्ही पाहा. कोनती बरी दिसते सांगा."

जाऊबाई दिरांकडे पाहत होत्या. दिरांनी चष्मा लावला आणि एकेक पत्रिका हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

"हे नाव सॉफ्टवेअरनं टाकलं का?"

"नाई दादा, म्या टाकलं. त्याले फक्त जागा रिकामी चालत नाई."

दिरांनी रेघेची पत्रिका उचलून पालथी ठेवली. म्हणाले, "पोरीची माय घरात असताना जागा रिकामी काहून ठेवा? छापा." मग माझ्याकडे न पाहता त्यांनी चहा मागितला. मी आत गेले. चहात साखर घातली की नाही, ते मला आठवत नाही. सगळे तो तसाच प्यायले.

लग्न झालं, मुलगी नांदायला गेली. भाऊजींची तुलना अजून संपलेली नाही. नणंद सांगत होती की त्यांनी त्या रीतींच्या सॉफ्टवेअरात एक नवी रीत वाढवली आहे: नवरीला वडील नसतील तर निमंत्रक म्हणून आईचं नाव. एखादा काका कुरकुरला तर त्याला म्हणतात, आमच्या दुकानची पद्धत आहे, मी काय करू. पण आता दुकानात येतंच कोण? लोक फोनवर चित्र पाठवून निमंत्रण करतात. दुपारी भाऊजी एकटेच बसलेले असतात, असं ती म्हणते. ते फुकटचे दिवस संपले की ती रीतही त्यातून पुसली जाते का, हे मला त्यांना विचारायचं आहे. मी फोन लावते, ते "बोला वयनी" म्हणतात, आणि मी जेवण झालं का एवढंच विचारून ठेवून देते.