कुणाचा तरी दुसरा दिवस

वंदनाचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या घरी मागच्या अंगणात गवती चहा खुडत होते. "शालूमावशी, आत्या गेली," एवढंच ती म्हणाली. वंदना ही कुसुमच्या भावाची मुलगी, आईवडील गेल्यापासून आत्याजवळच राहिलेली. कुसुम माझी कॉलेजातली मैत्रीण. दुपारी जेवून लालबागच्या खोलीत खुर्चीवर टेकली ती उठलीच नाही. खरं सांगायचं तर वाईट वाटायच्या आधी माझ्या मनात आलं, सुटली बिचारी. असं आपण दुखणाईत माणसाबद्दल म्हणतो. कुसुम तर ठणठणीत होती. ती कशातून सुटली ते मला ठाऊक होतं, आणि तिला त्यात अडकवणाऱ्यांत मीही होते. या गोष्टीला आता पाच आठवडे होऊन गेले. लिहायला धीर होत नव्हता, म्हणून इतका उशीर.

आम्ही दोघींनी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी गिरगावातली, ती लालबागची, आणि वर्गात मुली मोजून चार, त्यामुळे मैत्री होणं भागच होतं. आम्हाला परेरा सर होते, गिरगावातल्याच एका जुन्या ख्रिस्ती वाडीत राहणारे, अस्सल मुंबईकर. लोक कोणती झाडं कशाला वापरतात याचा त्यांना भारी नाद. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात या विषयाला तेव्हा जागाच नव्हती. सरांनी आपल्या अधिकारात एक जर्नल जास्तीचं लावलं होतं: दहा वनस्पती, प्रत्येकीचा वाळवलेला नमुना, घरातलं नाव, उपयोग आणि शेवटच्या रकान्यात माहिती देणाऱ्या माणसाचं नाव. "झाड ओळखलंस, अर्धं काम केलंस," ते म्हणायचे. "आता ते तुझ्याआधी कोणी ओळखलं, त्याचं नाव लिही. नाय तर ती चोरी." बाकीच्यांनी हा एक वैताग म्हणून पुरा केला. कुसुमला मात्र या कामाने झपाटलं. भायखळ्याच्या नि दादरच्या बाजारात पालेभाज्या, मुळ्या विकणाऱ्या बायकांपुढे मी वही उघडून शिरगणतीच्या कारकुनासारखी उभी राहायचे आणि त्या मला हात हलवत वाटेला लावायच्या. कुसुम फतकल मारून त्यांच्या शेजारी बसायची, जुडी निवडायला लागायची आणि तासाभराने उठायची ती चार नावं घेऊन. तिला पुढे हेच करायचं होतं. रानात जायचं, माणसांजवळ बसायचं, विचारायचं. तिच्या तोंडून दुसरी कसलीच इच्छा मी कधी ऐकली नाही.

पण घरातलंच एक झाड तिला मिळत नव्हतं. तिची काकी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, लहान वयात विधवा झालेली, काविळीवर औषध द्यायची. मालवणहून येताना सासूकडून घेऊन आलेली विद्या. तीन दिवस लागोपाठ, सूर्य उगवायच्या आत, घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने दोघांनी अनशा पोटी. पै घ्यायची नाही, दाराशी आलेल्याला परत पाठवायचं नाही, आणि झाडाचं नाव सांगायचं नाही. सांगितलं की सांगणाऱ्याच्या हातचा गुण जातो आणि ऐकणाऱ्याच्या हाती येतो. काकी पहाटे एकटीच जाऊन पाला आणायची आणि पाटा भिंतीकडे वळवून वाटायची. "अगं, तुझ्याच घरात दहावी वनस्पती आहे, विचार की," असा कुसुमच्या मागे मी लकडा लावला होता. मलाही आयती मिळाली असती ना. ती म्हणायची, "काकी नाय सांगायची गं. आणि सांगितलं तर मग मला द्यायला लागेल." यावर मी हसायचे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीने असलं मनावर घ्यायचं?

जर्नल द्यायला चार दिवस उरले होते म्हणून मी तिच्याकडे आकृत्या पुऱ्या करायला गेले आणि त्याच संध्याकाळी मुंबई पेटली. गोळीबार झाला, संचारबंदी लागली, आणि मी लालबागला त्या चाळीतच अडकले. दहा बाय बाराची खोली, घरची सहा माणसं, सातवी मी. खिडकी लावावी तर जीव गुदमरे, उघडावी तर अश्रुधुराने डोळे चुरचुरत. नमुने वाळवायला रोज कोरडे कागद बदलावे लागतात. घरातली रद्दी संपली तेव्हा शेजाऱ्यांनी दिलेल्या चळवळीच्या पत्रकांत आम्ही फांद्या दाबल्या. कुसुमचे वडील म्हणायचे, "मुंबई आपली होईल तेव्हा होईल, आधी मोरीतून हा पालापाचोळा काढा." दुसऱ्या दिवशी पोलीस गल्लीत शिरले, बाहेरची पोरं जिन्याने वर पळाली, आणि त्या रेट्यात काकी खाली पडली. पाय असा सुजला की टेकवेना. वरच्या मजल्यावर गिरणीच्या साळखात्यात, मागांवर काम करणारा दत्ताराम काविळीने पिवळाजर्द होऊन पडला होता. त्याचे दोन दिवस झाले होते, तिसरा राहिला होता.

पहाटे त्याची म्हातारी आई दारात येऊन बसली. मांडीवर रिकामी वाटी. काकीने वाटीकडे पाहिलं आणि आम्हा दोघींना जवळ बोलावलं. "माज्यान आता भायर जावचा नाय," ती म्हणाली. "दोघींतली कोण तरी हात पुढे करा. पण आयका, सांगलंय की माझो हात संपलो. मगे जेना घेतल्यान तेना मरापर्यंत देवचा. दारात इल्लो मानूस परत धाडूचो नाय." त्या वेळी मी काय केलं ते मला आजही स्पष्ट आठवतं. मी दोन्ही हात पदराखाली घेतले. वर्षभर हसत होते ना, पण त्या क्षणी माझी सगळी विद्या पदराखाली गेली. कुसुमने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. तो दत्तारामसाठी केला की जर्नलच्या दहाव्या पानासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

काकीने तिच्या कानात काय ते सांगितलं. उजाडायच्या आत ती मागच्या जिन्याने गिरणीच्या भिंतीकडे गेली. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी. ती परत येईपर्यंत त्या खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. आली ती पदराखाली मूठ झाकून. तिच्या कोपराला एक पान चिकटलं होतं, आणि मी ते बघताक्षणी ओळखलं. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला आम्ही ते चिरलं होतं. भिंतीच्या कडेला कुठेही उगवणारं तण! नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं.

दत्ताराम बरा झाला. बऱ्याचशा काविळी पथ्याने आणि विश्रांतीने आपोआप उतरतात हे कुसुमला माहीत होतं, मलाही होतं. चाळीला माहीत असायचं कारण नव्हतं. चाळीत एवढंच झालं की काकीचा हात संपला आणि कुसुमच्या हाताला गुण आला. जर्नलात तिने नऊच वनस्पती लावल्या. दहावं पान कोरं. सरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "सर, माहिती देणाऱ्याच्या रकान्यात आता माझंच नाव येईल." सरांनी गुण कापले नाहीत.

निकाल लागला त्या उन्हाळ्यात सरांनी एक काम आणलं. डहाणूकडच्या रानात दोन वर्षं राहायचं, वारली लोकांकडून झाडांची माहिती टिपायची, राहण्याखाण्याची सोय आणि पगार. त्यांनी कुसुमचं नाव सुचवलं होतं, माझं नव्हे. तिला जे हवं होतं ते नेमकं तेच. मी धावत लालबागला गेले, तर ती दारात उभी राहून एका गवंड्याच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघत होती. "जाऊ कशी गं?" ती म्हणाली. "रोज कुणाचा तरी दुसरा दिवस असतो." मी भांडले, चिडले, अंधश्रद्धा वगैरे सगळे शब्द वापरले. ती शांतपणे म्हणाली, "माझा विश्वास नाही, शालू. त्यांचा आहे. आणि गिरणीच्या संपात बाबांचा पगार थांबला तेव्हा या लोकांनी आमची चूल विझू दिली नाही. आता कुणाला सांगू, उद्या येऊ नका म्हणून?" महिन्याभराने डहाणूला मी गेले. पुढे माझं सगळं त्यातून झालं... पीएच.डी., पुण्याची नोकरी, परदेशातल्या दोन परिषदा. कुणी कौतुक केलं की मी परेरा सरांचं नाव घ्यायचे. ज्या मुलीच्या जागेवर मी गेले तिचं नाव कधी घेतलं नाही, ते आज घेते.

तिने परळला शाळेत नोकरी धरली, चाळीपासून चालत जाता येईल अशी. ठरलेली लग्नं दोन मोडली, कारण नवऱ्याच्या दारात रोज पहाटे काविळीची माणसं कोण बसू देणार? रात्रीच्या मुक्कामाला ती कुठेही गेली नाही, शाळेच्या सहलीलासुद्धा नाही. आपल्या परीने तिने त्या दाराचा चांगला उपयोग केला. डोळे, नखं बघायची, लघवीचा रंग विचारायची आणि जरा शंका आली की चिठ्ठी देऊन परळच्या हॉस्पिटलात पिटाळायची. त्यातले कित्येक वेळेवर पोचले म्हणून वाचले. हे समाधान खरंच होतं, पण म्हणून दार सुटत नव्हतं.

मग मी त्या झाडावर एक लेख लिहिला. इंग्रजी नियतकालिकात, झाडाच्या शास्त्रीय नावासकट, शेजारी माझ्या हातचं चित्र, आणि खाली 'लालबाग येथील एका कुटुंबाकडून'. मला कुणी ते सांगितलं नव्हतं, सरांच्या भाषेत ती चोरीच. मी स्वतःची समजूत घातली की हे तिच्यासाठी करते आहे. छापलेली प्रत पाठवताना सोबत लिहिलं, 'आता साऱ्या जगाला कळलं, तुझ्या हातचा गुण गेला. मोकळी झालीस.' वाटलं होतं, ती संबंध तोडेल. पुढच्या खेपेला भेटले तर तिने आधी चहा टाकला. म्हणाली, "मी ना, तुझा लेख दारात वाचून दाखवला. मराठीत करून. चित्र दाखवलं. म्हटलं, हे बघा, भिंतीकडेला उगवतं, तुम्हीच उपटा, वाटा आणि घ्या. मला खरंच वाटलं गं, आता नाय येणार कुणी."

"मग?"

"एक म्हातारी होती. म्हणाली, बाय, झाड काय, म्हशीपण खातात. तू तुझ्या हातचं दे."

आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिने तोंडाला पदर लावला आणि मग तो बराच वेळ काढला नाही. तिला रडताना मी तेवढी एकदाच पाहिली.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी लालबागला पोचले, आणि अंत्यविधी आटपल्यावर त्या रात्री तिथेच राहिले. गिरण्या बंद पडून जमाना झाला, खिडकीतून आता काचेचे मनोरे दिसतात. वंदना बँकेत आहे. तिने मला बढतीचं पत्र दाखवलं, नागपूरला बदली, पुढच्या महिन्यात हजर व्हायचं. आत्याने पत्र वाचलं तेव्हा देवापुढे साखर ठेवली होती म्हणे. मला फार बरं वाटलं. या घरातून एक तरी बाहेर पडली.

पहाटे वरवंट्याच्या आवाजाने जाग आली. वंदना पाटा भिंतीकडे वळवून वाटत होती. दाराबाहेर गॅलरीत एक माणूस आणि त्याची बायको बसलेली.

"अगं, सुतक आहे ना?" मी म्हटलं.

"तेच सांगितलं त्यांना. म्हणाले, औषधाला कसलं सुतक. आत्याने पहिला दिवस दिला होता, त्याच दुपारी ती गेली. काल मी दिलं. आज तिसरा."

"तुला तिने सांगितलं होतं?"

"छे. नुसतं विचारलं तरी ओरडायची." तिने मान वर केली नाही. "तुमचा लेख होता ना कपाटात. चित्रावरून शोधून आणलं."

मी खाटेच्या काठावर बसले. म्हटलं, "वंदना, आज यांचं संपलं ना? मग दाराला कडी लाव. मी आहे तोवर लाव."

"हो, लावते," ती म्हणाली. तिलाही लावायचीच होती, मला दिसत होतं ते. तिने त्या माणसाच्या वाटीत औषध घातलं, तो प्यायला, नमस्कार करून दोघं जिन्याकडे गेली. जिन्याच्या तोंडाशी एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. मुलाचे पिवळे डोळे मला आतूनही दिसले. दाराशी येऊन बाईने वाटी पुढे केली. वंदनाने माझ्याकडे पाहिलं. काय करायचं ते तिला माझ्याकडून ऐकायचं होतं, आणि मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

तिने वाटी हातात घेतली.

"यांचा आज पहिला आहे," ती म्हणाली.